एक गायिका, एक अल्बम, पंधरा दिवस

"तुला कसलं संगीत आवडतं?" या प्रश्नाला माझं उत्तर गेली कित्येक वर्षं ठरलेलं आहे. ज्या बायका स्वतः शब्द लिहितात, स्वतः चाल लावतात आणि स्वतःच गातात, त्यांची गाणी. इंग्रजीत त्यांना सिंगर-साँगरायटर म्हणतात. बाकीचंही मी ऐकते, मनापासून ऐकते. पण रात्री दिवा मालवल्यावर जे लावते ते हेच.

उत्तर दिलं की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "मलाही ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?" पूर्वी मी उत्साहाच्या भरात वीस-पंचवीस नावं सांगायचे. समोरची मैत्रीण ती लिहून घ्यायची आणि महिन्याभराने विचारलं तर त्यातली एकही तिच्या कानात उतरलेली नसायची. चूक त्या यादीचीच होती. या गाण्यांत गाणारी तुमच्याशी बोलत असते, आणि वीस जणी एकदम बोलायला लागल्या तर कुणाचंच नीट ऐकू येत नाही. म्हणून या लेखात मुख्य सांगणं एकच आहे: एका वेळी एकच गायिका, तिचा एकच अल्बम, आणि त्याला निदान पंधरा दिवस. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १ : आवडतं गाणं मुळात कुणाचं, ते बघा

नवीन काही शोधण्याआधी तुम्ही परत परत लावता अशी पाच गाणी घ्या, बायकांच्या आवाजातली. प्रत्येकाचे शब्द आणि चाल कुणाची ते बघा. गाण्याच्या बऱ्याच ॲपमध्ये गाण्याशेजारच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारली की श्रेयनामावली उघडते. सीडी किंवा रेकॉर्ड असेल तर कव्हरवर, नाहीतर आतल्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

इथेच पहिले धक्के बसतात. सिनेड ओकॉनरचं जगभर गाजलेलं 'नथिंग कंपेअर्स टू यू' (१९९०) प्रिन्स या अमेरिकी गायकाने लिहिलंय. ते ऐकून तुम्ही तिच्याकडे ओढले गेला असाल तर तिने स्वतः लिहिलेलं 'ट्रॉय' (१९८७) लावा. आवाज तोच, पण या वेळी आग तिच्या घरची आहे.

उलटही होतं. व्हिटनी ह्यूस्टनचं म्हणून ओळखलं जाणारं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' डॉली पार्टनने लिहिलं आणि १९७४ मध्ये स्वतः गायलं. पोर्टर वॅगनर या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात ती काही वर्षं गात होती. तिथून बाहेर पडताना त्याचा निरोप घेण्यासाठी तिने हे गाणं केलं. पुढे एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने गाण्याचे निम्मे प्रकाशन हक्क मागितले. डॉलीने नाही म्हटलं. एल्व्हिसला नाही म्हणायला किती धीर लागला असेल याचा विचार मी अनेकदा करते. १९९२ मध्ये व्हिटनीने ते गायलं तेव्हा गाणं अजून डॉलीच्याच हातात होतं. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की मानधन लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतं, गाणाऱ्याला नाही. म्हणजे व्हिटनीचा आवाज घुमायचा तेव्हा पैसे डॉलीकडे जायचे.

दुसऱ्याचं गाणं गाणारी कमी प्रतीची, असं यातून कुणी घेऊ नये. व्हिटनीने त्या गाण्याचं जे केलं ते दुसरं कुणी करू शकलं नसतं. तसंच 'स्वतः लिहिणारी' म्हणजे एकटीच लिहिणारी असंही नाही. ॲलॅनिस मॉरिसेटचा 'जॅग्ड लिटल पिल' (१९९५) तिने ग्लेन बॅलर्डबरोबर बसून रचला, आणि तरी त्यातला संताप पहिल्या ओळीपासून तिचाच वाटतो.

पाचांपैकी एक जरी गाणं गाणारीने स्वतः लिहिलेलं निघालं तर तुमची पहिली गायिका सापडली. तिचा तोच अल्बम घ्या आणि थेट तिसऱ्या पायरीवर या.

पायरी २ : पहिला अल्बम निवडा

गाणं सुरू झाल्यावर तुमचा कान आधी कुठे जातो, हे ओळखता आलं की निवड सोपी होते.

चालीकडे जात असेल तर कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री' (१९७१). ही बाई मुळात इतरांसाठी गाणी करून देणारी. अठराव्या वर्षी तिने गेरी गॉफिनच्या शब्दांना चाल लावली आणि 'विल यू लव्ह मी टुमारो' हे शिरेल्स या मुलींच्या गटाने गायलेलं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी असं काम केल्यावर ती स्वतः पियानोपाशी बसून गायली, ते 'टॅपेस्ट्री'त. अमेरिकेच्या यादीत हा अल्बम सलग १५ आठवडे अव्वल होता आणि त्याला ग्रॅमी हे अमेरिकेतले संगीत पुरस्कार ४ मिळाले. मला मात्र त्यातला तिचा आवाज आवडतो तो अगदी साध्या कारणासाठी. तो घोटून गुळगुळीत केलेला नाही. ओळीच्या शेवटी किंचित खरखरतो, वर जाताना थोडा ताणला जातो. शेजारच्या खोलीत कुणी ओळखीचं गातंय असं वाटतं.

कान आधी गोष्टीकडे जात असेल तर ट्रेसी चॅपमनचा पहिला अल्बम, तिच्याच नावाचा, १९८८ चा. ११ गाणी, ३६ मिनिटं. त्या वर्षी ११ जूनला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मैफल होती. तिचं गाऊन झालं होतं. स्टीव्ही वंडरच्या वाद्यांचा काही घोळ झाला आणि वेळ भरून काढायला तिला पुन्हा मंचावर पाठवलं. भरलेलं स्टेडियम, आणि मध्यभागी गिटार घेतलेली एकटी चोवीस वर्षांची मुलगी. तिचं 'फास्ट कार' तिथून जगभर गेलं.

नाट्य आवडत असेल तर केट बुश. १९७८ मध्ये, १९ वर्षांची असताना, 'वदरिंग हाइट्स' घेऊन ती ब्रिटनच्या यादीत पहिली आली. स्वतः लिहिलेल्या गाण्यावर तिथवर पोचलेली ती पहिली बाई. कंपनीला दुसरं गाणं आधी काढायचं होतं, ती याच गाण्यावर अडून बसली. पण सुरुवातीला 'हाउंड्स ऑफ लव्ह' (१९८५) घ्या. त्याच्या रेकॉर्डची दुसरी बाजू म्हणजे रात्रीच्या समुद्रात एकटी तरंगत राहिलेल्या बाईची एक सलग गोष्ट आहे. ती मध्येच तोडून ऐकू नका.

राग, अस्वस्थता, खरबरीतपणा हवा असेल तर पी. जे. हार्वी किंवा फिओना ॲपल. फिओनाचा 'फेच द बोल्ट कटर्स' (२०२०) बराचसा तिच्या घरातच ध्वनिमुद्रित झाला आणि त्यात कुत्र्यांचं भुंकणंही तसंच ठेवलंय.

आता एक मत, ज्यावर जाणकार माझ्याशी भांडतात. नवख्या माणसाच्या हातात सगळे पहिल्यांदा जोनी मिचेलचा 'ब्लू' (१९७१) देतात. मी देत नाही. माझ्यासाठी तो या सगळ्या जगाचा कळस आहे, आणि म्हणूनच दुसरा किंवा तिसरा द्यावा असं मला वाटतं. जोनीला नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला. गिटारवर नेहमीच्या पद्धतीने बोटं धरणं जड जायचं, म्हणून तिने तारा स्वतःला सोयीच्या पडतील अशा वेगवेगळ्या सुरांत लावायला सुरुवात केली. अशा डझनावारी जुळण्या तिने वापरल्या. त्यातून जे सूर निघतात ते कानाला अर्धवट सोडलेल्या वाक्यासारखे वाटतात, आणि चाल कुठे उडी घेईल याचा अंदाज येत नाही. आधी 'टॅपेस्ट्री' मुरलेला असला की या उड्या आनंद देतात. नाहीतर लोक दोन गाण्यांत बंद करतात, आणि एकदा बंद केलेलं पुन्हा उघडायला वर्षं जातात.

अजूनही ठरत नसेल तर डोळे मिटून 'टॅपेस्ट्री' घ्या.

पायरी ३ : तीन फेऱ्यांत ऐका

आधी थोडी तयारी. ॲपमधलं शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणं, बंद करा. अल्बम संपल्यावर ॲप आपल्या मनाने पुढचं काहीबाही लावतं, तेही बंद करा. शेवटच्या गाण्यानंतरची शांतता अल्बमचाच भाग असते. हेडफोन साधे चालतील, फक्त दोन्ही कानांना सारखं ऐकू यायला हवं. आवाज बोलण्याच्या पातळीवर ठेवा. ही गाणी बहुतेकदा हळू आवाजात गायलेली असतात, फार मोठी केली की त्यांतला श्वास हरवतो.

पहिली फेरी काम करताना. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, चालताना. शब्दांकडे लक्ष देऊ नका, कोण आहे, कधीचं आहे, काही वाचू नका. चार-पाच दिवस रोज एकदा पूर्ण अल्बम असा अंगावरून जाऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी ओळ तुमच्या नकळत तुमच्या तोंडी येईल. ती जिथून आली ते गाणं तुमचं दार.

दुसरी फेरी बसून, शब्द समोर ठेवून. एका बैठकीला दोनच गाणी. इथे घाई करू नका, कारण सगळी गंमत इथे आहे. 'फास्ट कार'चंच बघा. गिटारची एक छोटीशी ओळ सुरुवातीपासून गोल फिरत राहते. त्यावर एक मुलगी सांगतेय: बाप दारू पितो, आई सोडून गेली, मी शाळा सोडून त्याचं करतेय, तुझ्याकडे गाडी आहे, चल निघू. बराच वेळ ध्रुवपद येतच नाही. कडव्यामागून कडवं, गिटार तशीच गोल. मग अचानक ड्रम वाजतात आणि तिला आठवतं ते गाडीतून भरधाव जाणं, त्याचा खांद्यावरचा हात, आपणही कुणीतरी होऊ शकतो ही भावना. तेवढ्यापुरतं गाणं खरोखर धावतं. आणि पुन्हा ती गोल ओळ.

आता पहिल्या ध्रुवपदाच्या अगदी आधीचं आणि शेवटचं कडवं शेजारी ठेवा. शब्द जवळजवळ तेच. पण आधी ती विचारते, *आपण* उडून जाऊ एवढी ही गाडी वेगवान आहे का, *आपल्याला* ठरवावं लागेल. शेवटी तोही तिच्या बापासारखाच पिऊ लागलेला असतो, आणि ती म्हणते, *तू* उडून जाशील एवढी वेगवान आहे का, *तुला* ठरवावं लागेल. 'आपण'चं 'तू' झालं, बस. भांडण नाही, रडणं नाही, सूरही बदललेला नाही. हा बदल माझ्या लक्षात आला तेव्हा ते गाणं मी किती वर्षं ऐकत होते कोण जाणे. त्या दिवशी मी ते लागोपाठ सहा वेळा लावलं.

दुसऱ्या फेरीत असंच काहीतरी शोधायचं. एखादा बदललेला शब्द, एखादं वाद्य जे एकाच गाण्यात येतं, एखादी जागा जिथे वाद्यं थांबतात आणि नुसता आवाज उरतो. ट्रेसीच्या याच अल्बममध्ये 'बिहाइंड द वॉल' हे गाणं पूर्ण वाद्यांविना आहे. भिंतीपलीकडून रात्री येणाऱ्या किंकाळ्यांचं गाणं. त्यात गिटार का नाही, हे ऐकताक्षणी कळतं.

तिसरी फेरी पुन्हा शब्दांविना, पण या वेळी काम बाजूला ठेवून. ती शेवटच्या दोन-तीन दिवसांत. आता शब्द तुम्हाला ठाऊक असतात, त्यामुळे कान मोकळा होतो आणि तो आवाज कसा वळतो, कुठे श्वास घेतो, कुठे मुद्दाम घेत नाही हे ऐकू यायला लागतं. एकाच माणसाने लिहिलेलं आणि गायलेलं असलं की श्वासाच्या जागा आणि अर्थाच्या जागा एकमेकींत बसतात. मला या गाण्यांचं जे वेड आहे ते एवढ्याचसाठी आहे.

इंग्रजी कच्चं असेल तर दुसरी फेरी थोडी लांबेल, एवढंच. उच्चार कळत नाहीत म्हणून थांबू नका. इंग्रजी बोलत वाढलेल्यांनाही केट बुशचे अर्धे शब्द कागदाशिवाय समजत नाहीत. आणि भाषा अजिबात येत नसतानाही हे गाणं पोचतं, याचा अनुभव हवा असेल तर चिलीची व्हिओलेता पार्रा ऐका. 'ग्रासियास आ ला विदा' तिने १९६६ मध्ये स्पॅनिशमध्ये गायलं. आयुष्याचे आभार मानणारं गाणं. डोळे दिलेस, कान दिलेस, पाय दिलेस, हसू दिलंस आणि आसवंही दिलीस, असं एकेक मोजत जाणारं. पुढच्याच वर्षी तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. आधी नुसतं ऐका, अर्थ नंतर वाचा.

पायरी ४ : गाण्यातला 'मी' नेहमी गाणारी नसतो

नवीन ऐकणारा इथे हमखास घसरतो, म्हणून थोडं थांबते. बाई स्वतः लिहून गाते म्हटलं की ते तिच्या डायरीतलं पान आहे असं आपण गृहीत धरतो. कुणावर लिहिलंय, हा कोण, ती कोण, याचा शोध सुरू होतो. पुरुषांच्या गाण्यांना आपण हे प्रश्न इतक्या सहज विचारत नाही.

सुझॅन व्हेगाचं 'लुका' (१९८७) ऐका. चाल हलकी, जवळजवळ प्रसन्न. 'माझं नाव लुका, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो' असं गाणं सुरू होतं. तो घरात मार खाणारा लहान मुलगा आहे, शेजाऱ्याला सांगतोय की रात्री काही ऐकू आलं तर मला काही विचारू नका. सुझॅन तिथे 'मी' म्हणून कुठेच नाही. 'मी' म्हणणारा आवाज तिने त्या मुलाला देऊन टाकलाय.

आणि याच्या बरोब्बर उलट 'ब्लू'मधलं 'लिटल ग्रीन'. त्यात गाणारी 'मी' म्हणून समोर येतच नाही. एका कोवळ्या वयाच्या आईला 'तू' म्हणून सगळं सांगितलंय: मुलीला नाव दे, कागदांवर सही कर. लोकांनी ते एक धूसर, सुंदर गाणं म्हणून वीसेक वर्षं ऐकलं. मग नव्वदच्या दशकात उघड झालं की जोनीने १९६५ मध्ये तिच्या मुलीला दत्तक दिलं होतं. १९९७ मध्ये मायलेकी भेटल्या. सगळ्यात खासगी गाणं तिने 'मी' न म्हणता लिहिलं होतं.

तेव्हा ऐकताना प्रश्न एवढाच ठेवा: हे कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, आणि का आत्ता? चरित्रं नंतर वाचावीत, वाचायचीच असतील तर.

पायरी ५ : तेच गाणं दोन वेळा ऐका

पहिला पंधरवडा झाला की मध्ये एक दिवस हा खेळ जरूर खेळा. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या लागोपाठ. 'विल यू लव्ह मी टुमारो' शिरेल्सच्या आवाजात उडतं, नाचतं गाणं आहे. तेच कॅरोलने 'टॅपेस्ट्री'त संथ केलंय, मागे जोनी मिचेल आणि गायक जेम्स टेलर सूर देतात. उद्याही मी तुला आवडेन का, हा प्रश्न अठराव्या वर्षी वेगळा असतो आणि एक लग्न मोडून झाल्यावर वेगळा.

पण या खेळाचा राजा 'बोथ साइड्स नाऊ'. जोनीने ते १९६७ मध्ये, विमानातून खाली ढग बघताना सुचून लिहिलं, तेव्हा ती २३ वर्षांची. आधी जूडी कॉलिन्सने गाजवलं, मग १९६९ मध्ये जोनीने स्वतःच्या 'क्लाउड्स' अल्बममध्ये गायलं: नुसती गिटार आणि पाण्यासारखा स्वच्छ, उंच आवाज. ढग, प्रेम, आयुष्य, सगळं दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि तरी खरं काही कळलं नाही, असं ती म्हणते. त्या वयात ते म्हणणं थोडं ऐटीचं वाटतं. मग २००० मध्ये, ५६ व्या वर्षी, तिने तेच गाणं मोठ्या वाद्यवृंदासह पुन्हा गायलं. आवाज कितीतरी खालच्या पट्टीत उतरलेला, सिगारेटींनी जाड झालेला, लय अगदी सैल.

एका संध्याकाळी मी ही दुसरी आवृत्ती लावली होती आणि आई शेजारी भाजी निवडत बसली होती. तिला इंग्रजी गाण्यांतले शब्द फारसे लागत नाहीत. मध्यावर तिचे हात थांबले. "ही बाई दमलीय गं," ती म्हणाली, "पण तक्रार नाहीये तिची." मग मी १९६९ ची लावली. ती ऐकून आई म्हणाली, "ही हिची मुलगी का?" मी म्हटलं, "नाही गं आई, हीच ती." तिने दोन्ही पुन्हा लावायला सांगितली.

(२०२४ च्या ग्रॅमी सोहळ्यात जोनीने हेच गाणं ८० व्या वर्षी, खुर्चीत बसून, हातातली काठी जमिनीवर टेकत गायलं. २०१५ मध्ये मेंदूतला रक्तस्राव होऊन बोलणं-चालणं पुन्हा शिकावं लागल्यानंतर. ती तिसरी आवृत्ती तुम्ही तयार झाल्यावर बघा.)

पायरी ६ : पुढची गायिका धागा धरून शोधा

'सर्वोत्तम १००' छापाच्या याद्या इथेही बाजूला ठेवा. जो अल्बम आवडला त्यातूनच धागा काढा. मागे कोण गातंय, वाद्य कोण वाजवतंय, तिने स्वतः कुणाची गाणी गायलीत. ट्रेसीचा खोल आवाज आवडला असेल तर जोन आर्मट्रेडिंगचं 'लव्ह अँड अफेक्शन' (१९७६) ऐका. जोनीकडून 'हेजिरा'कडे (१९७६) जा. लांबलचक मोटारप्रवासात जमलेली गाणी आहेत आणि त्यांतल्या काहींत जॅको पास्टोरियसची बास गिटार दुसऱ्या गायिकेसारखी शेजारून बोलत राहते.

गिटारचा धागा धरलात तर एलिझाबेथ कॉटनपाशी पोचाल. ही डावखुरी. तारा न बदलता तिने गिटार उलटी धरली, त्यामुळे जाड तारा बोटांनी आणि चालीच्या बारीक तारा अंगठ्याने, असं सगळं उलटं होऊन एक नवीनच वादनशैली तयार झाली. 'फ्रेट ट्रेन' तिने लहान मुलगी असताना रचलं. मग मध्ये कित्येक दशकं गिटार बाजूला पडली आणि ती लोकांच्या घरी काम करत राहिली. पुढे सीगर या संगीतवेड्या कुटुंबात काम करताना भिंतीवरची गिटार काढून वाजवू लागली. पहिला अल्बम आला तेव्हा ती साठीच्या पुढे होती, आणि १९८५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, तिला ग्रॅमी मिळालं.

माझ्या सगळ्यात जवळचा धागा मात्र हरवलेल्यांचा. व्हॅश्टी बनियनचा 'जस्ट अनदर डायमंड डे' १९७० मध्ये आला, कुणी घेतला नाही, तिने गाणंच सोडलं. तीस वर्षांनी, २००० मध्ये, तो पुन्हा निघाला तेव्हा तरुण पोरांनी तो डोक्यावर घेतला. तिचा दुसरा अल्बम २००५ चा. आणि कॉनी कॉन्व्हर्स: १९५० च्या दशकात ओळखीच्या घरी टेपवर गाणी भरून ठेवली, कुणी छापली नाहीत. १९७४ मध्ये नातलगांना निरोपाची पत्रं लिहून ती गाडी घेऊन निघाली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही. गाणी २००९ मध्ये 'हाउ सॅड, हाउ लव्हली' या नावाने आली. तिची गाणी ऐकताना टेपची खरखर ऐकू येते. गाळू नये अशी खरखर आहे ती.

आजच्यांपैकी लॉरा मार्लिंग आणि फीबी ब्रिजर्स यांच्यापर्यंत तुम्ही या धाग्यांनीच आपोआप याल.

पायरी ७ : वही ठेवा

ॲपमधल्या याद्यांवर विसंबू नका. माझी सात-आठ वर्षांची जमवलेली यादी एका सेवेचं खातं बंद पडलं तेव्हा एका रात्रीत गेली. गाणी परत मिळाली. कुठलं कधी आणि का आवडलं होतं, ते गेलं. तेव्हापासून साधी वही आहे. तारीख, अल्बम, आणि एकच ओळ. "छान आहे" असं लिहायचं नाही. "चौथ्या गाण्यात पियानो थांबतो तिथे" असं लिहायचं. आवडलं नसेल तर तेही लिहा: "आवाज सारखा उसासे टाकतो, कंटाळा." पंधरा दिवस देऊनही दार उघडलं नाही तर निःसंकोच पुढे जा, वहीत फक्त वर्ष टाका. टोरी एमॉसचा 'लिटल अर्थक्वेक्स' (१९९२) माझ्या वहीत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा, चार वर्षांनी, पहिल्या पानावर गेलाय.

सहा-आठ अल्बम झाले की एकदा वही मागून पुढे वाचा. तुमची आवड काय आहे हे तिथे तुमच्याच अक्षरात दिसेल. मला माझ्या वहीत दिसलं की मी खूण केलेल्या जागांपैकी बऱ्याचशा, वाद्यं थांबून नुसता आवाज उरतो अशा आहेत. त्यावरून मी सुझॅन व्हेगाच्या 'टॉम्स डायनर'पाशी गेले. दोन मिनिटांचं गाणं, एकही वाद्य नाही, सकाळी कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात बसून आजूबाजूला पाहणारी एक बाई. एमपी३ तयार होत असताना कार्लहाइंत्स ब्रांडेनबुर्ग या जर्मन अभियंत्याने याच गाण्यावर आपलं, गाणी आकसून साठवायचं तंत्र पुन्हा पुन्हा तपासलं होतं. सुरुवातीच्या प्रयोगांत तिचा उघडा आवाज पार बिघडून यायचा, आणि तो नीट येईपर्यंत त्याने ते तंत्र सुधारलं.

या आठवड्यात माझ्या वहीत फिओना ॲपलचा पहिला अल्बम आहे, 'टायडल', १९९६ चा. पहिली फेरी संपत आलीय. अजून एकही शब्द वाचलेला नाही, पण काल जिना चढताना एक ओळ तोंडात होती.